परीक्षेचे दगड

मित्रांनो, माझा दांडा आता चिरला आहे आणि एका बाजूची धार बोथट झाली आहे. मला पाहून तुम्ही म्हणाल, ही तर नारळ फोडायची हातोडी! तुमचं चुकत नाही. गेली काही वर्षं मी दुबईतल्या एका स्वयंपाकघरात नारळ फोडते, कुर्ल्यांच्या नांग्या फोडते, बर्फाची लादी फोडते. पण माझा जन्म त्यासाठी झाला नव्हता. मी भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीची हातोडी आहे.

पुण्याच्या एका लोहाराने मला घडवलं. एक तोंड चौकोनी, दुसरं पटाशीसारखं चपटं. साजिदाने मला विकत घेतलं तेव्हा ती बी.एस्सी.च्या वर्गातली एकटी मुलगी होती. हर्णैच्या किनाऱ्यावरून आलेली, बोलायला लाजणारी, पण दगडापुढे बसली की तिची लाज कुठल्या कुठे पळे. तिचे सर सांगत, "दगडाला आधी डोळ्यांनी विचारा, मग बोटांनी. तरीही त्याने नाही सांगितलं, तरच हातोडी उचला." त्यामुळे माझ्या वाट्याला काम थोडं येई. पण जे येई ते मानाचं. ती मला अशी धरी, जशी आई लेकराचं बोट धरते. कडेला हलकेच टोला, एक कपची खाली, आणि आत दगडाचा ताजा, कोवळा चेहरा. तो चेहरा पहिल्यांदा पाहणाऱ्या दुनियेत आम्ही दोघीच.

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत तिचं लग्न झालं. नवरा रफिक दुबईत सिमेंटच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब बघे. तेव्हा या मुलखाला आजचं नाव मिळालं नव्हतं. खाडीच्या दोन्ही काठांना मातीची, प्रवाळी दगडांची घरं होती, आणि त्यापलीकडे नुसती वाळू. निकाहाआधी साजिदाने एकच गोष्ट मागितली होती. "मला शेवटची परीक्षा द्यायचीय." रफिक हसून म्हणाला होता, "इन्शाल्ला देशील. मी स्वतः बोटीत बसवून देईन." तो शब्दाचा पक्का होता, हे मी आजही सांगते.

अडचण एकच होती. त्याच सुट्टीत वर्गाचा दौरा होता आणि दौरा केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. सरांनी वाट काढली. म्हणाले, "तिकडेही डोंगर आहेत. कुठलाही एक बघ. नकाशा काढ, नमुने गोळा कर, अहवाल लिही. जानेवारीच्या अखेरीस सगळं माझ्या टेबलावर हवं. नमुन्यांशिवाय अहवाल मी धरणार नाही, बरं का. घरी बसून कुणीही गोष्ट रचेल."

म्हणून नव्या नवरीच्या पेटीत, शालूखाली, मी दुबईला आले.

रफिकने मालकाच्या ट्रकमधून आम्हांला डोंगरांकडे नेलं. वाळू संपली, खडे सुरू झाले, आणि मग एका कोरड्या ओढ्याच्या दोन्ही बाजूंना काळेहिरवे डोंगर उभे राहिले. साजिदा ट्रक थांबायच्या आधीच उतरली. मऊ, मेणासारखा चकाकणारा हिरवट दगड तिने गालाला लावून पाहिला. म्हणाली, "अहो, हा बघा! आमच्याकडे सगळा काळा पाषाण नाहीतर जांभा. हा तर जमिनीच्या खोल पोटातून आलेला दगड. मी फक्त पुस्तकात पाहिला होता."

"लोक दुबईत बायकोला सोनं घेऊन देतात," रफिक म्हणाला, "आणि मी उन्हात दगड वेचतोय."

"मग सोनं काय झाडाला लागतं? दगडातूनच येतं ना?"

"हो का? मग चांगला मोठा उचल."

मित्रांनो, त्या दिवशी मी जेवढी गायले तेवढी पुन्हा कधी गायले नाही. ओढ्याच्या काठाकाठाने टण टण आवाज फिरत होता. प्रत्येक दगडावर ती चिकटपट्टी लावी, तिच्यावर शाईने क्रमांक घाली, तोच क्रमांक नकाशावर मांडी, आणि दगड वर्तमानपत्रात गुंडाळी. ट्रकचा ड्रायव्हर कंटाळून हॉर्न वाजवत होता. "यल्ला, बीबी, खलास!" पण बीबीचं काही खलास होत नव्हतं. परतताना ती रफिकला म्हणाली, "दगडाचं नाव कुणीही ओळखेल. तो कुठे सापडला, कुणाच्या खाली, कुणाच्या शेजारी, ते गेलं की दगड मुका झाला."

रफिकला ते कळलं. घरी मरियमबीला, म्हणजे त्याच्या आईला, ते कुणी सांगितलं नाही.

मरियमबी मायेची बाई होती. सुनेला 'साजू' म्हणे, तिच्या केसांना स्वतः तेल लावी, ती लिहायला बसली की दिवा पुसून जवळ ठेवी. कोपऱ्यातल्या दगडांकडे पाहून तिने एकदा विचारलंही होतं, "साजू, हे काय गं पोरी?"

"माझ्या परीक्षेचे दगड, अम्मा. त्यांच्यावर लिहायचंय."

"बरं बरं. लिही हो." आणि ती चुलीकडे गेली. उत्तर तेवढंच राहिलं.

अहवाल पुरा झाला. बोटीचा दिवस ठरला. साजिदाने दगड आणि मला पेटीत नीट रचलं आणि वर कपडे ठेवले. त्याच सुमाराला थंडीतला पाऊस आला. इथे पाऊस क्वचित येतो, पण आला की दारापुढे चिखलाचं तळं होतं. साजिदा त्यात घसरली, गुडघा फुटला. मरियमबीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ठरवलं, पोर जायच्या आत दारात पायरी बांधायची.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या अन्वरीने साजिदाला निरोपाचं जेवण केलं होतं. ती तिकडे गेली, रफिक कामावर होता. घरात गवंडी लियाकत आला. सिमेंट होतं, वाळूला तर तोटाच नव्हता. लियाकत कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "मरियमबी, पायरी काय नुसत्या वाळूची करू? खडी कुठाय? इथे दात कोरायलासुद्धा दगड मिळत नाही."

त्याच वेळी गल्लीतली ताजबी गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. गावाला जाणाऱ्याच्या हाती आपल्या माणसांसाठी काहीतरी धाडायचं, आणि त्याने 'नाही' म्हणायचं नाही, ही इथल्या कोकणी घरांची रीत. ताजबीने आईसाठी खजूर आणले होते, दुसरीने भाच्याचे बूट, तिसरीने अत्तर. पेटीत जागा नव्हती. मरियमबीने झाकण उघडलं आणि कपड्यांखालचे दगड पाहिले.

"या अल्ला! पोरगी हे गावाला नेणार? आपल्याकडे काय दगड कमी आहेत?"

"परीक्षेचे आहेत ना गं?" ताजबी म्हणाली.

"ते लिहून झालं की! मी स्वतः बघितलं, सगळं लिहिलं तिने. दाणे निघाल्यावर कणसं कोण बांधून नेतं? आणि हिने एवढे लांबून आणले ते घरच्याच उपयोगी पडू देत. केवढा आनंद होईल तिला!"

तिने एकेक दगड काढला. वर्तमानपत्र सोललं, चिकटपट्टी सोलली, दगड धुतला. कागद चुलीत गेले. आणि लियाकतने मला उचललं. "वा! ही तर दगडाचीच हातोडी दिसते."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. लियाकत काही डोळ्यांनी, बोटांनी विचारत बसणारा माणूस नव्हता. त्याचा हात भरदार होता. जो दगड साजिदाने गालाला लावला होता, तो माझ्याखाली आला आणि त्याची खडी झाली. मग त्याच्या शेजारचा. मग सगळे. मरियमबी बाजूला बसून पाणी घालत होती आणि आनंदाने गुणगुणत होती,

"सून माझी चालली गं पैल त्या तीरी,
तिच्याच दगडांची केली मी पायरी.
पायरीला माझ्या गं नको लागो दृष्ट,
लेकीच्या पायांना नको होवोत कष्ट."

संध्याकाळी साजिदा परतली. "आलीस? बघ, बघ!" मरियमबीने तिचा हात धरून दाखवलं. ओल्या सिमेंटमधून हिरवे, काळे तुकडे डोकावत होते. साजिदा वाकली. एका तुकड्याला बोट लावलं. मग ती पेटीकडे गेली. खजूर, बूट, अत्तर. तिने झाकण हळूच बंद केलं.

"आवडली ना गं?" मरियमबीचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला होता.

साजिदाने तिच्या हाताला लागलेलं सिमेंट पदराने पुसलं. मग म्हणाली, "छान झालीय, अम्मा."

रफिकला कळलं तेव्हा तो आईवर धावूनच जाणार होता. साजिदाने त्याची बाही धरली. "काही बोलू नका. तिला कळलं तर ती त्या पायरीवर कधी पाय ठेवणार नाही."

"तू अशीच जा. सरांना सांग काय झालं ते."

"काय सांगू? सासूने पायरी बांधली? सर हसतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. नमुन्यांशिवाय ती गोष्टच आहे."

बोट तिच्याशिवाय गेली. ताजबीचे खजूर दुसऱ्या कुणाच्या हाती गेले. मरियमबीला सांगितलं की साजूची तब्येत बरी नाही. रफिकने पुन्हा ट्रक मिळवला, मलाही सोबत घेतलं. पण त्याच पावसाने ओढे भरले होते आणि डोंगराची वाट वाहून गेली होती. पाण्याच्या अलीकडे आम्ही उभे राहिलो. पलीकडे ते हिरवे डोंगर ओले, चकाकत होते. जानेवारी संपला.

पुण्यात प्रात्यक्षिक परीक्षा होती त्या सकाळी साजिदा मला मांडीवर घेऊन पायरीवर बसली. सिमेंटमधल्या एका तुकड्यावर बोट ठेवून पुटपुटली, "रंग, काळसर हिरवा. चमक, मेणासारखी. स्पर्श, गुळगुळीत. नाव, सर्पेंटाइन." ती परीक्षकाला सांगावं तसं सांगत होती. मग दुसरा तुकडा. मग तिसरा. सगळी नावं बरोबर होती. शेवटी ती थांबली. "ठिकाण," ती म्हणाली, आणि पुढे तिला काही सुचेना.

"साजू, कुणाशी बोलतेस गं?" आतून मरियमबीने विचारलं.

"कुणाशी नाही, अम्मा. चिखल खरवडतेय."

पुढच्या वर्षी तिच्या कडेवर लेक झुबेदा होती. त्याच्या पुढच्या वर्षी सरांचं पत्र यायचंही बंद झालं. मी स्वयंपाकघरात गेले. रफिक अजून कधी म्हणतो, "जायचं का यंदा डोंगरात?" ती म्हणते, "बघू." तेवढ्यावरच ते थांबतं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी दगड आणेल, कुणी किडे, कुणी वाळली पानं. तुम्हांला तो कचरा वाटेल. त्याला हात लावण्याआधी विचारा, हे तुझं काय आहे? आणि विचारलंत तर चुलीकडे वळू नका. उत्तर पुरं होईपर्यंत तिथेच बसा. साजिदाला या घरात कुणी रागावलं नाही, कुणी अडवलं नाही. सगळ्यांनी तिच्यावर माया केली. ती मात्र आता रस्त्यात एखादा वेगळा दगड दिसला, तरी वाकत नाही.