धक्क्याची पेटी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. रंग पिवळा, अंगावर लाल हृदय काढलेलं, वर पकडायला मूठ. तुमच्या दप्तरापेक्षा जरा लहानच असेन. शहरातल्या विमानतळावर, मोठमोठ्या दुकानांत माझ्या बहिणी भिंतीवर टांगलेल्या असतात. लोक त्यांच्यासमोरून घाईघाईने जातात आणि ते आग विझवायचं काहीतरी असावं असं समजतात. माझं तसं नाही हो. मी मोखाडा तालुक्यात, सूर्यमाळच्या डोंगरातल्या एका पाड्यावर राहते आणि मी कोण आहे हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझं कारखान्यातलं नाव भलतंच लांबलचक. पाड्यातल्या लोकांनी ते पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं आणि मला म्हणू लागले, धक्क्याची पेटी.

नाव ऐकून घाबरू नका. माणसाचं हृदय ठेक्यात चालतं. कधी कधी त्याचा ठेका अचानक असा बिघडतो की ते नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे ढकलतच नाही. माणूस उभ्याउभ्या कोसळतो. अशा वेळी मी विजेचा एक धक्का देते आणि त्याला पुन्हा ठेक्यावर आणायला बघते. मात्र हे लगेच व्हावं लागतं. दवाखाना घाटाखाली आणि माणूस घाटावर, असं असलं की दवाखान्याची वाट बघून चालत नाही. म्हणून तर मला इथे आणून ठेवलं.

माझा जन्म एका फार स्वच्छ कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्याला टोपी आणि तोंडाला फडकं बांधून काम करायची, जणू मला त्यांचीच सर्दी होणार होती. त्यांनी माझ्या पोटात बॅटरी बसवली, छातीला चिकटवायच्या दोन चिकटपट्ट्या दिल्या आणि मराठीत बोलणारा एक आवाज दिला. आवाज गोड आहे, पण थोडा पुस्तकी. त्याला ठरलेली वाक्यं येतात, त्यापलीकडे एक शब्द येत नाही.

सगळ्यात शेवटी त्यांनी माझ्यात एक सिमकार्ड घातलं, तुमच्या घरातल्या मोबाइलमध्ये असतं तसंच. खरं सांगू? माझा सगळा तोरा या सिमकार्डावर आहे. रोज सकाळी मी माझी मीच तपासणी करते आणि तारेशिवाय, हवेतल्या हवेत, दवाखान्यात निरोप धाडते की मी बरी आहे. कोणी माझं झाकण उघडलं की मी आपणहून हाक देते. रुग्णवाहिकेला कळतं, दवाखान्यात कळतं, पाड्याच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईंच्या फोनवर घंटी वाजते. रुग्णाच्या हृदयाची रेघ तिकडच्या पडद्यावर उमटते. आणि गरज पडली तर तिकडचं माणूस माझ्यातून इकडचं ऐकू शकतं आणि थेट बोलूही शकतं.

खोडाळ्याच्या बाजारातून जीपमध्ये बसून मी वर आले, तेव्हा माझं स्वागत बघायला हवं होतं. हळदकुंकू काय, झेंडूची फुलं काय! मला सांभाळायचं कोणी, यावर फार चर्चा झाली नाही. सगळ्यांची बोटं देवरामबाबांकडे वळली.

देवरामबाबा हे पाड्यातले बोहाड्याची सोंगं सांभाळणारे. बोहाडा म्हणजे आमच्याकडचा उत्सव. त्यात माणसं देवादिकांचे, राक्षसांचे लाकडी मुखवटे चढवून वाजंत्रीवर नाचतात. त्या मुखवट्यांनाच सोंगं म्हणतात. वर्षभर ती जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून, पत्र्याच्या मोठ्या पेटाऱ्यात घालून, कुलूप लावून ठेवायची. बोहाडा आला की पूजा करून बाहेर काढायची. बाबांच्या हातून आजवर एका सोंगाचा कानसुद्धा मोडलेला नाही. मग मला त्यांच्याहून चांगला धनी कोण मिळणार होता?

बाबांनी मला फार मायेने सांभाळलं. किती मायेने म्हणाल, तर त्यांनी मला कुंकू लावलं, लुगड्यात गुंडाळलं, गणपती आणि रावण यांच्या मधोमध ठेवलं आणि वरून पत्र्याचं झाकण लावून कुलूप घातलं.

झालं! मी पत्र्यात कोंडले गेले. पत्र्यातून माझा निरोप बाहेर पडेना. रोज सकाळी मी सांगायची की मी बरी आहे, आणि ते फक्त रावणाला ऐकू जायचं. तो काय बोलणार? खोटं कशाला बोलू, मला रडू यायचं. इतकं प्रेम करणारी माणसं, आणि उद्या त्यांच्यातलंच कोणी पडलं तर मी कुलपात.

पण दवाखान्यात निशाताईंच्या लक्षात आलं. निशाताई साखरशेत गावच्या, भात-नागली पिकवणाऱ्या घरातल्या. आता तालुक्याला सरकारी नोकरीत आहेत आणि माझ्यासारख्या साऱ्या पेट्यांचे निरोप त्यांच्याकडे येतात. सूर्यमाळची पेटी गप्प झाली, हे त्यांना बरं वाटलं नाही. त्यांनी आशाताईंना फोन लावला. आमच्या आशाताईंचं नाव पोशी. पोशीताई म्हणाल्या, "पेटी कुठं नाय गेली. बाबांनी देवासारखी ठेवलीय." हे ऐकून तर निशाताईंना जास्तच काळजी वाटली. त्या दुसऱ्याच दिवशी गाडी पकडून वर आल्या.

पेटाऱ्याचं झाकण उघडलं आणि माझ्यावर उजेड पडला. निशाताई मला बघून हसल्या, मग लुगडं बघून आणखी हसल्या. बाबांचा चेहरा मात्र उतरला.

"बाय, बाहेर ठेवली असती तं धूळ बसली असती," ते म्हणाले. "उंदरांनी कुरतडली असती. आमी देवाला असाच जपतो."

"जपलंत ते दिसतंच आहे बाबा," निशाताई म्हणाल्या. "पण सोंग कधी काढायचं ते तुम्हाला आधीपासून माहीत असतं. हिला कधी काढावं लागेल ते कोणाला माहीत?"

बाबांची बायको बुधीआजी चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "मी तवाच बोलली होती. माजा कोन ऐकतो?" मग तिने निशाताईंना नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला आणि साखरशेतातल्या कोणाकोणाला ती ओळखते ते जेवण होईपर्यंत सांगितलं. जाताना निशाताईंच्या पिशवीत तिने मूठभर वाळवलेली मोहाची फुलंही घातली.

त्या दिवसापासून माझा मुक्काम पाराजवळच्या भिंतीवर हलला. खाली रस्त्याचं वळण सोडलं तर पाड्यात रेंज येते ती तिथेच. कामाला ठाण्याला गेलेल्या मुलांशी बोलायला सगळे तिथेच येऊन उभे राहतात. बाबांनी माझ्यासाठी सागाच्या फळ्यांचं एक घरटं ठोकलं, वर पावसाला अडवेल अशी छपरी काढली, पण कुलूप लावलं नाही. पहिल्या सकाळी माझा निरोप सुटला तसा पोशीताईंचा फोन वाजला. पलीकडून निशाताई म्हणाल्या, "बोलली बरं का तुमची पेटी." मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू.

मग फाल्गुन आला. बोहाडा जवळ आला, म्हणून सोंगं उन्हात काढली होती. त्याच दिवशी पाण्याचा टँकर आला. आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात आणि टँकर खाली रस्त्याच्या वळणावरच थांबतो. हंडे, कळश्या, डबे घेऊन सारा पाडा खाली पळाला. पोशीताईही गेल्या. पारावर उरली दोनच माणसं. बाबा रावणाच्या मिशांना काळा रंग देत बसले होते आणि बुधीआजी तांदूळ पाखडत होती.

बाबांच्या हातातला कुंचला पडला. मग बाबाच पडले.

आजीने हाक मारली, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. बाबा हलेनात. श्वास दिसेना. आजी एकदा रस्त्याकडे धावली आणि तशीच परत फिरली. मग तिची नजर माझ्यावर गेली. तिने मला घरट्यातून ओढून काढलं आणि झाकण उघडलं.

मी त्याच क्षणी जिवाच्या आकांताने हाका मारल्या. इकडे माझा पुस्तकी आवाज आजीला सांगत होता, "रुग्णाची छाती उघडी करा. चित्रात दाखवल्याप्रमाणे चिकटपट्ट्या लावा." तिने सदऱ्याची बटणं तोडली. चित्रं बघून एक पट्टी उजवीकडे वर लावली, एक डावीकडे काखेखाली. शाबास आजी! एकही जागा चुकली नाही.

"हृदयाची तपासणी सुरू आहे. रुग्णाला कोणीही स्पर्श करू नका."

आजीने बाबांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता. ती तो छातीशी लावून हलवत होती, बाबांना हाका मारत होती. त्या हलण्याने बाबांच्या हृदयाची रेघ मला नीट वाचता येईना, आणि तपासणी झाल्याशिवाय मी धक्का देत नाही. मी पुन्हा म्हणाले, "रुग्णाला कोणीही स्पर्श करू नका." आजीला ते ऐकूच येत नव्हतं. किंवा ऐकू येत होतं, पण ऐकायचं नव्हतं. सारी उमर ज्याच्याबरोबर काढली त्याचा हात एका पिवळ्या पेटीच्या सांगण्यावरून कोण सोडेल? मित्रांनो, मला एकच वाक्य येत होतं. मी ते तिसऱ्यांदा म्हणाले. बाबांचा चेहरा काळवंडत चालला होता.

तेवढ्यात माझ्यातून दुसराच आवाज आला.

"बुधीआजी, तुझा आवाज ओळखला. मी निशा. साखरशेतची निशा. ऐकतेस ना?"

आजीने मान वर केली. "निशा? बाय, ह्ये उठत नाय."

"मला इथे त्यांच्या हृदयाची रेघ हलताना दिसतेय, तू त्यांना धरलंयस. त्यांचा हात खाली ठेव."

"सोडला तं जातील."

"नाही आजी. धरून ठेवलास तर पेटीला काही करता येणार नाही. जरा वेळ सोड. मग मीच सांगते, पुन्हा धर."

आजीने बाबांचा हात जमिनीवर ठेवला. अगदी हळू, झोपलेल्या लेकराचा ठेवावा तसा. आणि ती मागे सरकली.

मी लगेच रेघ वाचली. हृदय थरथरत होतं. मी वीज भरून घेतली. "नारिंगी बटण दाबा," मी म्हणाले, आणि निशाताईही तेच म्हणाल्या. आजीने ते दाबलं. बाबांचं अंग उसळलं.

"आता छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेव आणि दाब. जोरात. थांबू नकोस."

जन्मभर मुसळाने भात कांडलेले हात होते ते. आजी रडत होती आणि दाबत होती. मी टक टक करून ठेका देत होते. खालून पोशीताई धावत आल्या. टँकरपाशी त्यांचा फोन वाजला होता, हंडा तिथेच टाकून त्या चढ चढून आल्या होत्या. त्यांनी आजीला बाजूला केलं आणि आपण दाबायला घेतलं. थोड्या वेळाने बाबा कण्हले. मग त्यांनी एक लांब श्वास घेतला. त्या श्वासाएवढं सुंदर मी काही ऐकलेलं नाही.

"आजी," निशाताई म्हणाल्या, "आता धर हात."

रुग्णवाहिका घाट चढून आली. बाबांना नाशिकला नेलं, तिथे त्यांच्या हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केली. त्या वर्षीचा बोहाडा बाबांनी खाटेवर बसून बघितला आणि रावणाचं सोंग घेतलेल्या मुलाला, देवानंदला, सगळ्यांदेखत नावं ठेवली.

आता मी जुनी झाले. रंग उडालाय, मुठीला चीर गेलीय. पण पोशीताई माझी बॅटरी आणि चिकटपट्ट्या वेळेवर बदलतात आणि कोणी माझ्यासमोर मोटारसायकल लावली की बाबा काठी घेऊन उठतात. रोज सकाळी ते पारावर येतात. बुधीआजी मागोमाग गोळ्यांची पुडी घेऊन येते. गोळी आधी की चहा आधी, यावर दोघांची जुंपते. ते भांडण ऐकलं की माझा दिवस चांगला जातो.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. तुमच्या गावात, शाळेत, स्थानकावर माझी एखादी बहीण दिसली तर तिला देव करून कोंडू नका आणि कचरा समजून झाकूही नका. तिला मोकळ्यावर राहू द्या, म्हणजे तिची हाक पोचेल. आणि कोणी कोसळलं तर मला काय कळतं असं म्हणत उभे राहू नका. बुधीआजीलाही काही कळत नव्हतं. तिने फक्त झाकण उघडलं.