दोऱ्याशिवायची शिवण

मित्रांनो, स्वस्थ उभं राहणं जिला कधी जमलंच नाही, अशी मी एक जुनी पायमशीन आहे. कारखान्यात माझं लोखंडी धड लाकडी फळीवर बसवलं, पट्टा चढवला आणि एका कामगाराने चाचणीसाठी पायडलवर पाय ठेवला. तेव्हापासून माझ्या चाकाला हलण्याची जी ओढ लागली, ती आजतागायत गेलेली नाही.

मला डोळे नाहीत. घरातलं सारं मी ऐकते, आणि माणसं ओळखते ती पायांवरून.

मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईने घरी आणलं. तिची पावलं अनवाणी असत, उजवं डाव्यापेक्षा बोटभर पुढे. बोटांनी ती मला पळवायची आणि टाचेने थांबवायची. "तुमच्या बाहीला सुरकुती शोधून सापडत नाही हो," असं गिऱ्हाइकं म्हणत, तेव्हा कौतुक तिचं होई आणि फुगायची मी. तिला दोन मुलं. थोरली बारा वर्षांची, उंच आणि सडपातळ, म्हणून आई तिला मोजपट्टी म्हणे. धाकटा सात वर्षांचा. रांगता असताना त्याने शर्टाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून त्याचं नाव बटण पडलं ते पडलंच.

मग ती आजारी पडली. इस्पितळात गेली ती परत आली नाही.

तीन महिने माझ्या पायडलवर पाऊल पडलं नाही. पट्टा सैल झाला, सुईवर गंजाचे ठिपके आले. कुणी जवळून गेलं की मी सगळी आतून ताठ होत असे, आणि ते तसंच पुढे निघून जाई. सतत कामात असलेल्याला रिकामपण कसं खातं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

एका सोमवारी सकाळी बाबा बूट घालता घालता म्हणाले, "रविवारी जुन्या मशिनी घेणारा येणार आहे. ही देऊन टाकू. नुसती उभी असते. बघवत नाही."

मोजपट्टी दप्तर भरत राहिली. बटण मात्र उसळला. "आणि आई आली की कशावर शिवणार?"

"बटण!" ताईने त्याला दटावलं. बाबांनी दार ओढून घेतलं. ते बस चालवत. सकाळची पाळी आणि संध्याकाळची पाळी, मध्ये दुपारची मोकळीक. हा वेळ ते डेपोतच डबा खाऊन, आडवं होऊन घालवतात, असं घरात सगळे धरून चालले होते.

त्याच दुपारी, मुलं शाळेत असताना, कुलपात किल्ली फिरली. कुणीतरी आत आलं, माझ्यासमोर बसलं आणि पायडलवर एक जड बूट पडला. एकच! असे पाय मला माहीत नव्हते. जोरात दाब, मग काहीच नाही, मग पुन्हा जोरात दाब. माझं चाक उलटं गेलं, सुलटं गेलं, अडखळलं. सुईत दोरासुद्धा नव्हता. माझी पाचावर धारण बसली. चोर म्हणावा, तर चोर शिवायला कशाला बसेल? अर्ध्या तासाने तो माणूस आला तसाच निघून गेला.

संध्याकाळी बटण माझ्याखाली शिरला आणि ओरडला, "ताई, हे बघ! माझ्या वहीचं पान!"

रेघांच्या पानावर भोकांची एक लांबलचक ओळ होती. रेघ सोडून ती पार समासात भरकटली होती.

"उजेडासमोर धर," ताई म्हणाली. "सुईची भोकं आहेत."

"आईने चिठ्ठी पाठवलीय," बटण कुजबुजला. "ठिपक्यांची. आपल्याशिवाय कुणाला कळू नये म्हणून."

"वेडा आहेस का?"

"मग दाराला कुलूप असताना कोण आलं? सांग ना, शहाणे!"

दोघांनी भोकं मोजली, अक्षरं लावून पाहिली, पान उलटं धरून पाहिलं. मंगळवारी दुसरं पान सापडलं. बुधवारी तिसरं पान तर सापडलंच, शिवाय माझ्या खणातून बटणचा शाळेचा शर्टच नाहीसा झाला. आईने तो बेतला होता आणि एक बाही लावलीही होती. दुसरी नुसती टाचणीने अडकवून ठेवलेली होती.

"बघ! तीच घेऊन गेली," बटण म्हणाला. "पुरा करायला."

माझा जीव टांगणीला लागला होता. मला बोलता येत असतं, तर मी सांगितलं असतं, अरे, ते पाऊल तिचं नाही. पण त्या पोराच्या आवाजात इतका आनंद होता की, बोलता आलं असतं तरी मी गप्प बसले असते, असं आता वाटतं.

घराच्या तीन किल्ल्या होत्या: बाबांची, ताईची आणि शेजारच्या काकूंची. बटण सरळ काकूंच्या दारात जाऊन उभा राहिला. समोरासमोर दारं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"काकू, तुम्ही दुपारी आमच्या घरी येता का? खरं सांगा."

"मला इथे पाठ टेकायला फुरसत नाही, तुझ्या घरी कशाला मरायला येऊ? आणि हा दरडावून बोलायला कुठे शिकलास?" मग लगेच आवाज उतरला. "जेवलास का रे?"

काकू संशयातून सुटल्या.

गुरुवारी मोजपट्टीने चारही पानं माझ्या फळीवर ओळीने मांडली. एकेका ओळीवरून तिने बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "बटण, ही चिठ्ठी नाही. आईने मला शिकवलं ना, तेव्हा असंच शिकवलं होतं. आधी कागदावर, रेघेवरून, दोरा न घालता. हे बघ, सोमवारची ओळ पार भरकटलीय. आजची जवळजवळ सरळ आहे. कुणीतरी शिकतंय."

"आईच आहे."

"आईची ओळ वाकडी गेली असती का?"

बटणने पानं भिरकावली. "तुला ती यायलाच नकोय!"

शुक्रवारी शाळेला जाण्याआधी ताईने माझ्या पायडलवर कापडावर खुणा करायचा निळा खडू घासला. दुपारी तो जड बूट आला, आणि खडू त्याच्या तळाला लागून गेला. आज सुईत दोरा होता. तीनदा तुटला. एक मोठा सुस्कारा ऐकू आला.

रात्रीच्या जेवणाआधी बटण शेजारी खेळायला गेला होता. बाबा दारात बूट काढत होते.

"बाबा, तुमच्या बुटाला निळं लागलंय," ताई म्हणाली.

"हां? डेपोत रंगकाम चाललंय."

"एकाच बुटाला?"

"एका पायावर उभा होतो. बगळ्यासारखा," बाबा म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला.

मोजपट्टी हसली नाही. तिला कळलं, आणि तिच्यामागोमाग मलाही. उजव्या पायाने दाबायचं आणि डावा मोकळा ठेवायचा! आयुष्यभर बस चालवलेला माणूस मलाही तशीच हाकत होता.

तिने भावाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कारण शनिवारी शाळा लवकर सुटली. मी चालू होते, आणि जिन्यावर धावती पावलं वाजली. "ताई, ऐक! मशीन! आई आली!" ताई मागून हाका मारत होती. दार धाडकन उघडलं.

"आई!"

बाबा इतके दचकले की कापड ओढलं गेलं आणि माझी सुई मोडली.

"तुम्ही?" बटण म्हणाला. "तुम्ही होता रोज?"

"अरे, ऐक... ही मशीन जायच्या आधी तुझा शर्ट पुरा करावा म्हटलं. तिच्याच मशीनवर. बुधवारी बाहेर शिवायला टाकायला घेऊनही गेलो होतो, पण द्यायला हात धजेना." बाबांनी मोडकी सुई काढून माझ्या फळीवर ठेवली. "जमत नाही रे मला. दोराच टिकत नाही."

बटणने माझ्या पायावर लाथ मारली. "द्या हिला उद्या! ती येणारच नाहीये, तर ठेवायची कशाला?" आणि तो आतल्या खोलीत जाऊन पडला.

आठवडाभर मला ठेवा म्हणणारा तो एकटा होता. आता तोही गेला.

मग ताईने डबीतून नवी सुई काढली, बसवली, दोरा ओवला. "बाबा, हा काही ॲक्सिलरेटर नाही. दोन्ही पाय ठेवा. बूट काढा. उजवा जरा पुढे. टाचेने थांबवायचं."

"आणि ब्रेक?"

"टाच म्हणजेच ब्रेक."

पहिल्यांदा त्यांची अनवाणी पावलं माझ्यावर आली. घामेजलेली, बिचकलेली. ताईने चाकाला हात लावला आणि मी निघाले. टाका, टाका, टाका. दोरा तुटला नाही.

रविवारी सकाळी मशीनवाला आला. त्याने माझा पट्टा उतरवला, चाक फिरवलं, म्हणाला, "माल चांगला आहे. उचलू?"

बटण आतून आला. त्याने तो शर्ट घातला होता.

"थांबा," तो म्हणाला. "ही बाही उलटी लागलीय. शिवण बाहेर आलीय. सोमवारी शाळेत काय घालू मी?"

"अरे, दुसरा शर्ट—" बाबा म्हणाले.

"हाच घालणार. उसवा आणि परत लावा. तुम्हीच लावायची, ताईने नाही." तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "मशीन गेल्यावर कशी लावाल?"

मशीनवाला हसला आणि पट्टा जागेवर चढवून निघून गेला. बाबांनी त्याच दुपारी बाही उसवली. ती सरळ लागायला आणखी दोन खेपा लागल्या. पुढे कितीतरी वर्षं, निवृत्तीनंतरही, ते माझ्यावर उशांचे अभ्रे आणि पिशव्या शिवत राहिले. त्यांची ओळ शेवटपर्यंत किंचित डावीकडे जायची. मला तीही आवडायला लागली होती. या वर्षापासून ती पावलंही येत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू कुणाच्या तरी जाण्यामुळे थांबून राहिली असेल. तिच्यावर चादर टाकू नका, आणि घाईघाईने दारातून बाहेरही काढू नका. तिला थेंबभर तेल द्या. जवळ बसा. चालवायला जमत नसेल, तर वहीचं एक पान फाडा आणि रेघेवरून सुरुवात करा. ओळ वाकडी जाईल. जाऊ द्या.