वनजाअक्काचं लॉक

कानडी मुलखातल्या बेळगोळच्या आमच्या ऑफिसात लिस्प या संगणकभाषेचा कंपायलर बनतो. त्यातली डिस्पॅचची फाइल अकरा वर्षं माझी होती. फाइलच्या डोक्यावर नावच होतं, वनजा. काम सरळ. एकाच नावाच्या फंक्शनच्या चार पद्धती असतात, समोर आलेल्या वस्तूचा प्रकार बघून नेमकी निवडायची. दरवेळी शोधत बसलं तर वेळ जातो, म्हणून सापडलेलं उत्तर कॅशमध्ये, म्हणजे हाताशीच्या साठ्यात ठेवायचं. पद्धत बदलली की कॅश पुसायची. शोधणं, लिहिणं, पुसणं एकमेकांच्या पायात येऊ नये म्हणून मी एका वेळी एकालाच आत सोडणारं लॉक घातलं होतं.

नजरबादचा शशांक कामावर आला आणि त्याला ते लॉक खुपायला लागलं. एकाच वेळी चालणारे आठ थ्रेड त्याच्यापाशी खोळंबतात म्हणाला. खोळंबत होते, मी नाकारत नाही.

"वाचताना काढ," मी म्हटलं. "लिहिताना नको. एक थ्रेड जुनी पद्धत शोधून निघालाय, तेवढ्यात दुसऱ्यानं कॅश पुसली, तर पहिला येऊन जुनंच उत्तर लिहील. ते मग कोण पुसणार?"

"अक्का, सुम्ने, उगाच भय घालू नका. लाखात एकदा होईल. बिडी, सोडा ते!"

माझ्या संमतीशिवाय बदल आत जात नसे. चार दिवस मी अडवला. मग त्याच्या आईचा, सीतालक्ष्मीचा फोन. "वनजा, आपलंच मूल की ग ते." इथं आपली मराठी घरं मोजकी. मी संमतीचं बटण दाबलं. अकरा वर्षांची अक्कल एका फोनवर ओवाळून टाकली.

तीन आठवड्यांनी आमचाच कंपायलर वापरणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या कारखान्यातली मोटर जळाली. तापल्यावर थांबवायची नवी पद्धत त्यांनी चालू यंत्रणेतच घातली होती. कॅशमध्ये जुनीच बसून राहिली.

"लॉक कुणी काढलं?" साहेबांनी, अनंतकृष्णांनी मीटिंगमध्ये विचारलं.

"वनजा मॅडमनी अप्रूव्ह केलं होतं, सर," शशांक इंग्रजीत म्हणाला.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त संताप आला. चार दिवसांचं भांडण आम्ही घरच्यासारखं मराठीत, तोंडी केलेलं. नोंदीत उरली फक्त माझी संमती. आणि फोनचं कुठल्या तोंडानं सांगू?

फाइल त्याच्याकडे गेली. दुपारी तो माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "अक्का, वाचताना काढायचं, लिहिताना ठेवायचं, ते नेमकं कसं?"

"लिहून विचार," मी म्हटलं. "इंग्रजीत. सगळ्यांना दिसेल असं."

तो गेला. त्यानं विचारलं नाही. संध्याकाळी बघितलं तर लॉक परत आलं होतं, माझंच, जसंच्या तसं. वर नाव शशांक.