सज्ञान मुलीची आई

वकीलबाईंनी आईच्या हातातली, ठकीनं काढलेली चित्रं घेतली आणि आपल्या पिशवीत टाकली.

“ताई, आज ही दाखवायची नाहीत. तिला काय येत नाही, तेवढंच बोलायचं.”

ठकीच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन अडलं होतं. तिला अठरा वर्षं पूर्ण झाली, ती सज्ञान झाली, आणि इस्पितळात आईबाबांची सही चालेना. ठकी स्वतः नाव गिरवायची, पण ते कशाखाली हे तिला समजत नसे. कोर्टानं आईला पालक नेमलं तरच डॉक्टर हात लावणार होते, आणि गाठ काही कोर्टाच्या तारखांसाठी थांबणार नव्हती.

शाळेच्या दारात, शेजारणींपुढे, नातेवाइकांत आई इतकी वर्षं एकच पाढा म्हणत आली होती. तिला हे येतं, तिला तेही येतं. बाबा चेष्टेनं म्हणत, “हिला विचाराल तर पोरगी विमानसुद्धा चालवते.”

न्यायाधीशांनी आपल्या दालनात ठकीबद्दल विचारलं, तेव्हा जीभ सवयीनं त्याच वाटेला लागली. ठकी चहा करते, टॉवेलांच्या घड्या घालते, रडणाऱ्या मुलांना गप्प करते. न्यायाधीशांनी चष्मा काढला. मग हिला पालक कशाला हवा, असं त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं. वकीलबाईंनी टेबलाखालून आईचा पाय दाबला.

ठकीला जरा बाहेर बसवू द्या, अशी विनंती बाबांनी करून पाहिली. ते चालणार नव्हतं. ती सज्ञान होती; तिच्याबद्दलचं बोलणं तिच्यासमोरच व्हायला हवं होतं.

आईनं टेबलाची कड धरली.

“तिला पैसे कळत नाहीत. वेळ कळत नाही. कुणीही हात धरून नेलं तर ती जाईल. ऑपरेशन म्हणजे काय, तेही कळत नाही. माझ्याशिवाय तिला काही येत नाही.”

ठकी आईच्या तोंडाकडे बघत होती. शिकवताना बघायची तशीच, लक्ष देऊन.

हुकूम झाला. वकीलबाईंनी बाहेर येऊन इस्पितळाला फोन लावला. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ठकी जिन्यापाशी गेली आणि थबकली. एरवी ती जिना एकटीच उतरायची, कुणासाठी थांबत नसे.

“आई, मला उतरता येतं?”

आईनं आधी मागे वळून पाहिलं. न्यायाधीशांच्या दालनाचं दार उघडंच होतं. तिनं ठकीच्या कानाशी तोंड नेलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली,

“येतं.”