एकवीस दिवसांचं पाणी

माधवरावांना कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे, आणि बांधकामातलं तर मुळीच नाही. सदाशिव पेठेत स्वतः उन्हात उभं राहून तीन मजले चढवले होते त्यांनी, आणि आजवर एका स्लॅबला तडा नाही! त्यामुळं वाघोलीच्या बंगल्यामागं बॅडमिंटनचं कोर्ट करायचं ठरलं तेव्हा ठेकेदार रावसाहेबांनी तोंड उघडलं रे उघडलं की हे म्हणायचे, "कळतं हो मला."

कोर्ट काही हौसेचं नव्हतं. त्यांची लेक वल्लरी वीस वर्षांची. गेल्या साली नगर रस्त्यावर एका डंपरनं तिची स्कूटर उडवली आणि कमरेखालचं सगळं बळ गेलं. त्याआधी जिल्ह्याकडून खेळायची पोर. नंतर आठ महिने तिनं खोलीचा पडदासुद्धा कुणाला सरकवू दिला नाही. मग एक दिवस जेवताना म्हणाली, "डिसेंबरात व्हीलचेअरवाल्यांची राज्याची निवड चाचणी आहे. घरामागं कोर्ट असतं तर सराव केला असता. लोकांसमोर पडायचं नाहीये मला." थोड्या वेळानं म्हणाली, "आणि या वेळी नाही जमलं तर माझी रॅकेट देऊन टाका कुणालाही." माधवरावांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते रावसाहेबांच्या दारात हजर.

रावसाहेब मूळचे वाघोलीचेच. आज जिथं बंगला आहे तिथं त्यांनी ज्वारी काढलेली. माणसानं काम चोख केलं. तीन फूट काळी माती उपसली, मुरूम भरून रोलर फिरवला, जाळी टाकून काँक्रीट ओतलं. निघताना वल्लरीच्या खिडकीपाशी उभं राहून त्यांनी पुन्हा बजावलं, "साहेब, वर गोणपाट टाका, ते वल्लं ठिवा. पर कडंनं पानी खाली उतरू देऊ नका. भवतीची माती काळी हाय. पानी पिली की फुगती, आन फुगली की सिमीट बिमीट काय बगत न्हाई, उचलून टाकती."

"माती फुगते म्हणे. पुरी आहे का ती?" माधवराव घरात येऊन बायकोला, हेमाताईंना, म्हणाले. "स्लॅबला एकवीस दिवस पाणी उभं पाहिजे म्हणजे पाहिजे. ज्वारी पेरायची असेल तेव्हा विचारीन त्यांना."

"विचारून बघायला पैसे पडत नाहीत," हेमाताई म्हणाल्या. पण ऐकतंय कोण!

माधवरावांनी पाणी अडवायला स्लॅबवर सिमेंटची आळी बांधली आणि नळी सोडली. सकाळी सहाला, भर दुपारी, दिवे लागताना. आळी भरून वाहायची, पाणी कडेनं खाली जायचं. ऑक्टोबरच्या उन्हानं तिथल्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या, त्या ते गटागटा पिऊन टाकायच्या. माधवरावांना उलट बरंच वाटायचं. नळी धरून ते तोंडानं शीळ घालायचे, आणि वल्लरीच्या खिडकीचा पडदा रोज थोडा थोडा सरकलेला दिसायचा. एकवीस दिवस झाले. पोरीचं काम आहे, कमी नको, म्हणून त्यांनी आणखी सात दिवस पाणी घातलं.

मग आळी फोडली, हिरवा रंग दिला, पांढऱ्या रेघा मारल्या. चाचणीला सोळा दिवस उरले होते. त्या सकाळी कडेला ठेवलेला टेनिसचा चेंडू आपला आपण घरंगळत मध्ये गेला. माधवराव बघत राहिले. वाकून पाहिलं तर दोन्ही कडा बोटभर वर आल्या होत्या आणि मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तडा.

रावसाहेब आले. कडेची माती मुठीत घेऊन दाबली तर तिचा गोळा झाला. "किती दीस पानी घातलं?"

"अठ्ठावीस."

रावसाहेबांनी गोळा खाली टाकून हात झटकले.

"काहीतरी करा हो," माधवराव म्हणाले. आयुष्यात कुणापुढं न वाकलेला माणूस, त्यानं हात जोडले. "पाया पडतो तुमच्या. सोळा दिवस सपाट राहू दे, मग खुशाल फुटू दे."

"माती वाळाय उन्हाळा लागंल, साहेब. तवर हात लावून उपेग न्हाई."

रावसाहेब गेल्यावर माधवराव घरातली भिंतीची पुट्टी घेऊन गुडघ्यांवर बसले आणि तडा भरू लागले. भरलेलं सुकत होतं आणि निघत होतं. आपण पोरीचं वाटोळं केलं, हे एकच डोक्यात. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते बाहीनं पुसून पुन्हा पुट्टी दाबत होते.

मागून चाकांचा आवाज आला. वल्लरी. मांडीवर रॅकेट, केस घट्ट बांधलेले.

"थांब! वल्ली, पुढं येऊ नकोस!"

पण खुर्ची उतारानं ओढली गेली होती. पुढची लहान चाकं तड्यात अडकली आणि ती तोंडावर पडली. कोपर सोललं. माधवराव धावले, तिला पोटाशी धरून खालीच बसले.

"मी केलं गं हे. त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"मीही ऐकलं होतं," ती म्हणाली. "खिडकीतून. रोज बघत होते तुम्हाला, पाणी कडेनं उतरताना."

"मग ओरडली का नाहीस?"

तिनं कोपराचं रक्त बापाच्या सदऱ्याला पुसलं.

"बाबा, माझ्या अपघातानंतर तुम्ही पहिल्यांदा शीळ घालत होतात. वाटलं, उद्या सांगू."

रॅकेट घसरत कोर्टाच्या मधोमध जाऊन पडली होती. बराच वेळ दोघांपैकी कुणीच ती उचलली नाही.