अमेरिकेच्या नावाचा नारळ

बोरी अरब गावाच्या चौकात अमरनं पताका लावल्या, लाउडस्पीकर आणला आणि अमेरिकेच्या नव्या अध्यक्षाचं भलंमोठं बॅनर टांगलं. त्या दिवशी तिकडे शपथ होती.

"मोठेबाबा, नारळ तुमच्याच हातानं फुटला पाह्यजे," हा पुतण्या घनश्यामरावांना म्हणाला. "पोरगं तिकडं, सूनही तिकडचीच!"

त्यांना पटलं. ज्या देशात पोराचा संसार, तिथं नवा कारभारी बसतोय. नारळ फोडायला काय जातं? कपिल आणि त्याची बायको तमारा सुट्टीवर आलेच होते. तमारा तिथलीच, काळ्या वंशाची. सुनेचा मान म्हणून घनश्यामराव तिलाही चौकात घेऊन गेले.

बॅनर पाहताच ती थबकली. मग वळली आणि तरातरा घराकडे निघाली. लोक घनश्यामरावांच्या तोंडाकडे पाहू लागले. "आलोच," म्हणत तेही नारळ हातात घेऊन तिच्यामागे निघाले.

तमारा आत सासूजवळ, लीलाबाईजवळ जाऊन बसली होती. कपिल ओसरीवर होता.

"काय झालं रे तिले?"

"हा निवडून आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा गोरा शेजारी तिला म्हणाला, आता तुम्ही लोक आपल्या मुलखात चालते व्हा."

"कोणत्या मुलखात? ती तं तिथंच जन्मली ना?"

"तिचे पणजोबाही तिथंच जन्मले, बाबा."

"अन् तुले काय म्हणला?"

"मले म्हणे, तुझ्यासारखे चालतात आम्हाले."

लग्नाच्या वेळी सोयऱ्यांना घनश्यामरावांनीही हेच सांगितलं होतं: पोरगी काळी आहे, पण चालंल आपल्याले. तेव्हा ते मोठ्या मनाचं वाटलं होतं.

"तुले तं तिथं मत हाय आता. कोणाले देल्लं?"

कपिलनं आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "यालेच. धंद्यासाठी बरा वाटला. तिला माहीत नाही."

"मंग तू कोणाच्या बाजूचा?"

"मलेच समजून नाही राह्यलं, बाबा."

तेवढ्यात अमर दारात आला. "मोठेबाबा, लोक खोळंबले!"

"मले नाही जमत आज."

"काहून? सूनबाई रुसल्या म्हणून?"

"तसंच समज."

अमर पाय आपटत गेला. थोड्या वेळानं चौकात फटाके वाजले. घरोघरी पेढे वाटले गेले, घनश्यामरावांचं दार तेवढं वगळून. आपण बरोबर केलं की भावाच्या पोराला उगाच दुखावलं, त्यांना काही केल्या ठरवता येईना.

"तिले सांगून टाक," ते कपिलला म्हणाले. "माह्या पोटात नाही राहणार हे."

संध्याकाळी कपिलनं सांगितलं. तमारानं आरडाओरडा केला नाही. उशी उचलली आणि लीलाबाईच्या खोलीत झोपायला गेली. लीलाबाईनं नवऱ्याला खुणेनं विचारलं, काय झालं? त्यांनी 'उद्या सांगतो' अशी खूण केली. कुठून सुरुवात करायची?

सकाळी तमारा लीलाबाईबरोबर कापूस वेचायला गेली. कपिलही गेला, पण वावराच्या दुसऱ्या टोकाला. घनश्यामराव चहा घेऊन बांधावर आले आणि तिथंच अडकले. आधी कोणाला हाक मारावी? पोराला मारली तर सुनेला काय वाटेल, सुनेला मारली तर पोराला काय वाटेल?

"चहा आला!" शेवटी ते दोन्हीकडे तोंड फिरवून ओरडले.

बराच वेळ कुणी हललं नाही. मग तमारा आली, बोंडांनी ओरखडलेले हात पुसत. कपिल मागून आला. दोघांच्या मध्ये आणखी दोन माणसं बसतील एवढी जागा ठेवून तो बांधावर टेकला. ती जागा तमारानं वाढवली नाही. कमीही केली नाही.