गाणी कापून नेलेला चित्रपट

मित्रांनो, मी एक जुना चित्रपट आहे. पत्र्याच्या गोल डब्यांत गुंडाळून ठेवलेला. माझे नाव सांगितले तर तुम्हाला काही आठवणार नाही. पण माझे एखादे गाणे गुणगुणलात, तर शेजारच्या खोलीतून तुमचे आजोबा पुढची ओळ म्हणतील. हेच माझे दुखणे आहे. पोटच्या पोरांचे कौतुक ऐकून बापाने सुखावे म्हणतात. मी कधी सुखावलो नाही. मी माझ्या गाण्यांवर जळत आलो.

माझा जन्मच उलटा झाला. आधी गाणी ठरली. संगीतकाराने एकेक चाल घासूनपुसून लख्ख केली. मग दिग्दर्शकाला डोंगरातले एक निळे तळे सापडले. त्याने तिथे तंबू ठोकले आणि हवे तसे धुके उतरेपर्यंत सगळ्यांना थंडीत कुडकुडत बसवले. एवढे झाल्यावर कुणाला तरी आठवले, की अरे, कथा राहिली! ती दिग्दर्शकाच्या मेहुण्याने तळ्याकडे जाणाऱ्या बसमध्ये लिहिली. बस घाटात वळली की कथाही वळायची. म्हणून माझा नायक उगाच रुसतो, उगाच दूर जातो आणि शेवटी उगाचच परत येतो. पण मित्रांनो, कशीही असली तरी कथा माझी होती. मी तिला जीव लावला होता.

मी ज्या थिएटरात आलो, तिथे सुरुवातीला पाय ठेवायला जागा नसे. इतर चित्रपटांत गाणे लागले की लोक चहाला बाहेर जात. माझ्या वेळी नायक बोलायला लागला की जात. दाराबाहेरचा चहावाला कान आतच ठेवून असे. बासरी वाजली रे वाजली की तो ओरडे, "चला, गाणं आलं, कप ठेवा!" की सगळे धावत आत. नायिका हुंदके देत निरोप घेते, तो प्रसंग तर मी बहुतेक वेळा रिकाम्या खुर्च्यांनाच दाखवला. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

पुढे गाणी घराबाहेर पडली. रेडिओवर गेली, न्हाव्याच्या दुकानात गेली, बँडवाल्यांनी उचलली. तळ्याचेही नशीब फळफळले. नवी जोडपी तिथे जाऊन होडीत बसून फोटो काढू लागली. माझी मात्र कुणी साधी चौकशी केली नाही.

माझी देखभाल थिएटरच्या ऑपरेटरकडे होती. यंत्रावर चित्रपट चालवणे हे त्याचे काम. माणूस प्रेमळ, पण विसराळू. एकदा त्याने माझी रिळे उलटसुलट लावली. नायक-नायिकेचे लग्न आधी झाले आणि ओळख नंतर! मला लाज वाटली, पण आतून थोडी आशाही वाटली. आता लोक आरडाओरडा करतील, खुर्च्या आपटतील, म्हणजे माझ्या कथेची निदान मोडतोड तरी कुणाच्या लक्षात येईल. पण कुणी चकार शब्द काढला नाही. उलट बाहेर पडताना एक गृहस्थ म्हणाले, "मागच्या वेळेपेक्षा आज बरा वाटला." ऑपरेटर पोट धरून हसला. त्या दिवशी मी मनात म्हटले, कुणीतरी ही गाणी घेऊन जा. मग बघा माझी कथा कशी उठून दिसते.

आणि एक दिवस थिएटरचा मालक ऑपरेटरला म्हणाला, "लोकांना गाणीच हवीत ना? मग गाणीच दाखवू. कापून एकत्र जोड. बाकीचं भंगारात दे."

ऑपरेटरने कात्री घेतली आणि माझी गाणी एकेक करून काढली. मला वाटले होते, हायसे वाटेल. वाटले नाही. गाण्यांचा वेगळा खेळ लागला, आणि मला टाकले होते त्या कोठीच्या भिंतीतून मला त्या टाळ्या ऐकू येऊ लागल्या. मग तो खेळ गावोगाव फिरायला निघून गेला. मी भंगारवाल्याची वाट पाहत पडून राहिलो.

तेवढ्यात यंत्र बिघडले. यंत्र दुरुस्त झाले की आधी त्यावर एखादी टाकाऊ प्रत चालवून बघतात, म्हणजे ओरखडे पडले तरी चांगल्या फिल्मवर पडत नाहीत. त्या कामाला मला बाहेर काढले. ऑपरेटरची नवी सून त्याचा जेवणाचा डबा घेऊन आली होती. रिकाम्या थिएटरात ती पुढेच बसली. तिने मला पूर्वी कधी पाहिले नव्हते.

नायिका तळ्याकाठी नायकाजवळ आली, तिने ओठ उघडले, आणि पुढच्याच क्षणी ती घरात कपडे वाळत घालत होती.

"बाबा, थांबवा!" सून वळून ओरडली. "ती काय म्हणाली त्याला?"

ऑपरेटरने घाईने दिवा विझवून यंत्र थांबवले. "काही नाही गं. गाणं होतं तिथं. कापलं."

"आणि हा एवढा रुसलाय कशाला? सरळ विचारायचं ना तिला!"

"विचारलं असतं तर सिनेमा तिथंच संपला असता, सूनबाई."

ती हसली, पण उठली नाही. "गाणं तिकडे गावोगाव फिरतंय. ती कुणासाठी गाते, ते इथे पडलंय. मग तिकडच्या लोकांना तरी काय कळणार?"

ऑपरेटरने घसा खाकरला आणि यंत्राच्या खोलीच्या झरोक्यातून तोंड काढून तो ते गाणे गाऊ लागला. आवाज फाटका, सूर भलतीकडे, मधल्या दोन ओळी गायब. सून तोंडावर पदर धरून हसत होती, आणि मग हसायची थांबली. गाणे संपल्यावर त्याने मला पुन्हा चालू केले.

तसाच तो प्रत्येक कापलेल्या जागी थांबला आणि गायला. मित्रांनो, ज्या गाण्यांचा मी जन्मभर हेवा केला, त्यांची मी त्या दुपारी वाट पाहत होतो. निरोपाचा प्रसंग आला तेव्हा सून रडली. ती कथेमुळे रडली की गाण्यामुळे, हे मी शोधायला गेलो नाही.

भंगारवाला आला, तेव्हा ऑपरेटरने त्याला मोडक्या खुर्च्या दिल्या. माझे डबे त्याने पुसून पुन्हा फळीवर ठेवले.

मित्रांनो, एकत्र जन्मलेल्या गोष्टी अशा तोडू नका. त्यातला एखादा तुकडा कच्चा असेल, कंटाळवाणाही असेल. तरी तो जवळ असू द्या. आणि परगावी कुठे माझी गाणी भेटली, तर त्यांना एवढे सांगा, की त्यांची जागा मी अजून रिकामी ठेवली आहे.